वाङ्मय मंडळ गळ्यात पडलंय. प्रभारी प्राध्यापकानं नेमकं करायचं काय?

शहापूरची_मॅडम

नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या एका डिग्री कॉलेजात मी मराठीची गेस्ट लेक्चरर आहे. सेमिस्टर सुरू झालं, स्टाफ मीटिंगमध्ये कमिट्यांची यादी फिरली आणि ‘मराठी वाङ्मय मंडळ’च्या पुढं माझं नाव दिसलं. ऑर्डर म्हणाल तर तेवढीच. काम काय, पैसे कुठून, कुणाला विचारायचं, काही नाही. वरच्याच ओळीत एनएसएसचे सर आहेत. त्यांचं सगळं छापील असतं: शंभर स्वयंसेवकांमागं एक प्रोग्रॅम ऑफिसर, दोन वर्षांत २४० तास, सात दिवसांचं शिबिर. माझ्या हातात कपाटाची एक किल्ली आली. आत रबरी शिक्का, वाळलेलं स्टॅम्प पॅड, पिवळे पडलेले भित्तिपत्रकाचे कागद आणि एक पावती पुस्तक, त्यातल्या बऱ्याच पावत्या फाडलेल्या आणि स्थळप्रती कोऱ्या!

पोरं मात्र उत्साही आहेत. २७ फेब्रुवारीला कोल्हापूरहून कवी बोलवायचे म्हणतात. कडोली, उचगाव, कुद्रेमनी यांपैकी एका गावच्या साहित्य संमेलनाला सगळ्यांनी मिळून टेम्पोनं जायचं म्हणतात. सेक्रेटरी पोरीनं स्वतःच्या फोनपेवर शंभर-शंभर रुपये गोळा करायला सुरुवातही केलीय. आणि वादस्पर्धेला विषय हवाय सीमाप्रश्नाचा. सीनियर मंडळी म्हणतात, असले विषय बंद करा, नाहीतर तुम्हीच अडचणीत याल.

मी कुठवर हात घालायचा आणि कुठं गप्प बसायचं? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगावं.

गणिताचा_राव

मॅडम, टेन्शन घेऊ नका. कार्यक्रम करा, बॅनर दिसेल असा जिओटॅग फोटो (ठिकाण नोंदवलेला) काढा, हजेरीपट जोडा, अहवाल आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला द्या आणि मोकळ्या व्हा. कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फायलीला तेवढंच लागतं. आम्हा परमनंटवाल्यांना निदान यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणं हे काम बढतीच्या मूल्यमापनात धरतात. तुम्हाला तेही नाही. गेस्टच्या पगारात कशाला जीव काढायचा?

निपाणीचे_मास्तर

रावसाहेब, तुमचा हिशेब चुकीचा नाही. तरी मॅडमनी तो ऐकू नये असं मला वाटतं. फोटोपुरता कार्यक्रम पोरांच्या लगेच ध्यानात येतो. पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत स्टाफ बसतो आणि मागं खुर्च्या मोकळ्या.

माझी नोकरी निपाणी-चिकोडी पट्ट्यात गेली, आता रिटायर आहे. वाङ्मय मंडळ केलं, मधी एनएसएस केलं, शेवटी जिमखाना बघितला. मॅडम, माझ्या मते मंडळ पोरांचं आणि सही तुमची. सहीला लागून जे जे येतं ते तुम्ही घट्ट धरा. बाकी त्यांचं त्यांना करू द्या, वाकडंतिकडं झालं तरी.

पहिलं पैशाचं, कारण भांडणं तिथूनच उगवतात. फोनपेवरची वर्गणी आजच्या आज थांबवा. पोरगी प्रामाणिक आहे हो, शंकाच नाही. पण त्याच खात्यावर घरच्या गॅसचे पैसे, मैत्रिणीचे उसने आणि मंडळाचे शंभर-शंभर सगळं पडतं, आणि मार्चमध्ये कुणी विचारलं की तिचं तिलाच सांगता येत नाही. शंका घेणारा तोंडावर विचारत नाही बघा, कँटीनमध्ये विचारतो, आणि बोलणं पोरीला खावं लागतं. तेव्हा ऑफिसात जावा, सुपरिटेंडेंटना विचारा मंडळाचं हेड कुठलं, म्हणजे खर्च कुठल्या खात्यात पडतो. प्रवेशाच्या फीमध्ये युनियन-जिमखान्याच्या नावानं काही रक्कम बहुतेक ठिकाणी घेतलेली असते. त्यातलं आपल्या वाट्याला किती, ते वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. मग ॲडव्हान्स उचलायचा आणि कार्यक्रमानंतर बिलं लावून मिटवायचा. गेस्टच्या नावावर ॲडव्हान्स बऱ्याच ठिकाणी निघत नाही. तसं असेल तर विभागप्रमुखांच्या नावावर काढा, पण खर्चाची वही तुमच्याकडं ठेवा. चहावाल्याकडं बिल नसतं, त्याची व्हाउचरवर सही घ्यायची. पाहुण्यांचं मानधन पाकिटातनं दिलं तरी पावतीवर त्यांचीही सही घ्यायची, त्यात लाजायचं काय? वर्गणी काढायचीच असेल तर नवं पुस्तक, ऑफिसचा शिक्का, खजिनदाराचा हात. आणि ते जुनं पुस्तक! त्यातली एकही पावती फाडू नका. प्राचार्यांच्या नावे पत्र लावून ऑफिसात जमा करा आणि पोच घ्या. मागचं कुणी काय केलं ते शोधत बसायचं तुमचं काम नव्हे, पण ते पुस्तक तुमच्या कपाटात राहायला नको.

दुसरं, कार्यकारिणी. कर्नाटकात कॉलेजातल्या निवडणुका कित्येक दशकं बंद आहेत. म्हणजे सेक्रेटरी प्रभारीच नेमणार, आणि प्रभारी नेमणार कुणाला? पहिल्या बाकावरची, अक्षर चांगलं असलेली पोरगी. ती मग मास्तरांना विचारून श्वास घेते. मी गाजावाजा न करता सभासदांकडनं चिठ्ठ्या घ्यायचो आणि जो वर येईल त्याच्या नावाचं पत्र काढायचो. एका वर्षी असा एक कॉमर्सचा पोरगा वर आला. सकाळी तंबाखूच्या वखारीत काम, दुपारी कॉलेज, हजेरी कायम काठावर. स्टाफरूममध्ये मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

त्याच वर्षी पाहुणे कोल्हापूरहून यायचे होते. आदल्या रात्री कुठंतरी एका बसला काळं फासलं, आणि सकाळी दोन्हीकडच्या गाड्या बंद. कोल्हापूरची गाडी कोगनोळी नाक्यापर्यंत, पुढं काही नाही. प्राचार्यांचं म्हणणं, रद्द करा. मी म्हटलं, सेक्रेटरीला विचारून सांगतो. पोरानं तोवर भाजी टाकून मोकळा परतणारा एक टेम्पो नाक्यावर थांबवून ठेवला होता, ड्रायव्हर त्याच्या गल्लीतला. कविराज गेटवर उतरले तेव्हा पायजम्याला कोथिंबिरीची पानं चिकटलेली आणि हातात मफलरीत गुंडाळलेली वही. साडेअकराचा कार्यक्रम सव्वाला लागला. हॉल गच्च भरलेला. खरं सांगायचं तर त्याला एक कारण असंही होतं की घरी जायला पोरांना बसच नव्हती. तेवढ्या वेळात मी काय केलं? प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून राहिलो. ते फोन उचलायला गेले की, सर, पाहुणे निघालेत, एवढंच म्हणायचं. पोलीस स्टेशनला पत्र आधीच दिलेलं होतं, त्याची शिक्का मारलेली प्रत खिशात होती म्हणून ते ऐकत होते. टेम्पो मला सुचला नसता, आणि केबिनमध्ये त्या पोराला कुणी बसू दिलं नसतं.

पत्रावरनं आठवलं. परवानगीचं पत्र कन्नडमध्ये द्या, शुद्ध कन्नडमध्ये, पोरांकडनंच लिहून घ्या. वर्गात कन्नड चांगलं येणारी दोघं-तिघं असतातच. स्पीकर असेल तर लेखी परवानगी लागतेच, आणि रात्री दहानंतर बंद म्हणजे बंद, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि आपल्या भागात ते मराठी कार्यक्रमाला जरा जास्तच आठवतात. गेटवरच्या फलकावर कन्नड वर, मराठी खाली, दोन्ही ठसठशीत. कुणाला हे झुकणं वाटेल, वाटू दे. फलकावरनं भांडण झालं की त्या दिवशी कविता कुणी ऐकत नाही.

आता सीमाप्रश्नाची वादस्पर्धा. तुमच्या सीनियरांची भीती खोटी नाही. पण विषय तुम्ही खोडलात तर पोरं तोच विषय व्हॉट्सॲपवर वादणार, आणि तिथं ना अध्यक्ष असतो ना वेळेची घंटा. मी असतो तर म्हणालो असतो, एका कागदावर विषय मांडा, दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहा आणि काय वाचलंत ते खाली लिहा. सीमाप्रश्नावर केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा. त्यात बेळगाव कर्नाटकात ठेवलं, पण निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यायची शिफारस होती. आमच्या निपाणीतल्या निम्म्या पोरांना हे ठाऊक नसायचं. महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे २००४ पासून. आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो १९४६ च्या साहित्य संमेलनात, ते भरलं होतं बेळगावातच, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. मराठी मंडळाच्या पोरांनी हे वाचायचं नाही तर कुणी? एवढं वाचून आलेला पोरगा घोषणा कमी देतो, हे मी बघितलंय. कन्नड विभागातले एक परीक्षक घ्या, त्यांची पोरंही भाग घेऊ देत. मग तो कागद घेऊन तुम्ही एकट्या प्राचार्यांकडं जाऊ नका, सेक्रेटरीला घेऊन जावा. ते नाही म्हणाले तर विषय संपला. पण ते ‘नाही’ पोरांनी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. मधल्यामध्ये तुम्ही नाही म्हणालात की पोरं तुमच्याकडं पुन्हा काही घेऊन येत नाहीत.

जांबोटीवाला

मास्तर, तुमच्यासारखे सर आम्हाला मिळाले नाहीत. आमच्या सरांनी सूत्रसंचालनाचा कागदसुद्धा स्वतः लिहून दिला होता, ‘शुभहस्ते’ किती वेळा म्हणायचं तेही ठरलेलं. मी सेक्रेटरी होतो, माझं काम गुच्छ आणायचं. फोटोत आहे मी, गुच्छासकट.

मॅडम, विद्यार्थ्याच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो. मंडळाची मीटिंग चारनंतर ठेवू नका. बेळगावात राहणाऱ्यांना काही वाटत नाही, पण आम्हा जांबोटी-कणकुंबीकडच्यांना गाडी चुकली की पुढची कधी ते देव जाणे. त्यामुळं कार्यकारिणीत दर वर्षी टिळकवाडी, शहापूर, वडगावचीच पोरं दिसायची आणि स्टाफ म्हणायचा, खेड्यातली पोरं पुढं येत नाहीत. पुढं काय येणार, बसस्टँडवर असतात ती! आठवड्यातला एक तास टाइमटेबलमध्ये घालून घ्या. हे आम्ही मागून मिळत नाही, तुम्ही मागितलं तर मिळेल.

दुसरं, व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुम्ही येऊ नका. आलात तर तुम्हाला वगळून दुसरा ग्रुप त्याच रात्री निघतो, आणि पहिल्यात नुसते ‘ओके मॅम’ आणि हात जोडलेले. सूचनांपुरता वेगळा ग्रुप करा, त्यात तुम्ही आणि पदाधिकारी.

आणि एक वही ठेवायला लावा. मंडप कुणाचा, किती घेतले, कोण पाहुणा ऐनवेळी नाही म्हणाला. आम्हाला आधीच्या वर्षाचं काही म्हणजे काही मिळालं नव्हतं. साउंडवाल्यानं आम्हाला दुप्पट लावले, ते पुढच्या वर्षीच्या पोरांकडून कळलं.

ओहायोतला_टिळकवाडीकर

इकडं अमेरिकेत मी एका विद्यापीठात शिकवतो आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेचा सल्लागार आहे, म्हणून तुलनेपुरतं लिहितो. इकडं संघटनेला दर वर्षी विद्यापीठाकडं नोंदणी नव्यानं करावी लागते आणि त्या फॉर्मवर सल्लागार म्हणून प्राध्यापक किंवा कर्मचारी लागतोच. पगार नाही, मान बेताचा. पैसा संघटनेच्या नावानं विद्यापीठाच्या खात्यात, त्याला आमच्याकडं वेगळं ऑफिस आहे. दिवाळीच्या जेवणाला हॉल आणि केटरर ठरवला तर करारावर सही पोरांची चालत नाही आणि माझीही चालत नाही, ती त्या ऑफिसची. मास्तर म्हणतात ते ‘सही तुमची’ इकडं अर्धंच खरं आहे.

पण एक जबाबदारी मोठी आहे. १९९० चा क्लेरी कायदा आहे, त्यात विद्यार्थी संघटनेचा सल्लागार हा कॅम्पसवरच्या गुन्ह्यांची खबर द्यायला बांधलेला माणूस धरला जातो. एखाद्या पोरानं पार्टीतल्या मारहाणीचं माझ्याकडं सहज बोलता बोलता सांगितलं तरी मला ते पुढं कळवावं लागतं. आपल्या रॅगिंगसारख्या प्रकारांवर डिसेंबर २०२४ मध्ये आणखी एक कायदा झाला, तोही त्यालाच जोडून. त्यामुळं पहिल्याच भेटीत मी पोरांना सांगून टाकतो, की असलं काही माझ्या कानावर आलं तर माझ्या पोटात राहणार नाही. त्यांना ते आवडत नाही, पण नंतर फसवल्यासारखंही वाटत नाही.

बाकी मी महिन्यातनं एकदा अध्यक्षाबरोबर कॉफी पितो, एवढंच. पोरांना रस नसेल तर संघटना बंद पडू द्यायची, ही इकडची रीत. मला ती अजून पटलेली नाही. इकडं दुसऱ्या वर्षी दुसरी संघटना उभी राहते. सीमाभागातल्या कॉलेजात मराठी मंडळ एकदा बंद पडलं तर ते परत सुरू करायला कोण पत्र देणार?

चिकोडीच्या_बाई

संमेलनाला जायचं म्हणताय म्हणून लिहिते. टेम्पो अजिबात नको. पाठीमागं उभी राहून गाणी म्हणत जायला पोरांना मजा येते, पण मालवाहू गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही आणि काही झालं तर सही तुमची आहे, मास्तर म्हणतात तसं. प्रवासी परवान्याची गाडी, नावांची यादी ऑफिसात एक आणि तुमच्याकडं एक, पालकांची संमतीपत्रं. संमतीपत्रावर पालकांचाच फोन नंबर आहे ना बघा, पोरं मित्राचा घालतात. संमेलनात संध्याकाळचं कविसंमेलन रंगात येतं आणि तेव्हाच निघावं लागतं, हे आधी सांगून ठेवा. परतल्यावर प्रत्येक पोरगी घरी पोचल्याचा निरोप आल्याशिवाय तुमचा दिवस संपत नाही.

आणि ओहायोवाल्यांनी सांगितलं त्याचं आपल्याकडचं रूप असं, की एखाद्या मुलीनं मंडळातल्याच कुणाबद्दल छळाची तक्रार सांगितली तर ‘दोघांना समोर बसवून मिटवूया’ हे करायचं नाही, सीनियर कितीही म्हणाले तरी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, कॉलेजांसाठी यूजीसीचे २०१५ चे नियम आहेत, कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी. त्या समितीवर कोण आहे ते आजच बघून ठेवा. आमच्याकडं ती नावं ऑफिसच्या बोर्डावर होती आणि त्या बोर्डासमोर कपाट ठेवलेलं होतं.

शहापूरची_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या दिवसांत काय झालं ते सांगते. जुनं पुस्तक ऑफिसात दिलं. क्लार्क पोच द्यायला तयार नव्हते, म्हणाले, कशाला वाढवताय मॅडम. मी पत्र आवक रजिस्टरला चढवून नंबर घेतला. फोनपेचे पैसे पोरीनं ज्याचे त्याला परत केले आणि सगळ्यांनी ‘मिळाले’ म्हणून सह्या केल्या. टाइमटेबलमध्ये शुक्रवारचा तास मिळाला, त्यासाठी मला एका सरांचा सोमवारचा तास घ्यावा लागतोय. पहिल्याच शुक्रवारी खानापूरकडची पाच-सहा पोरं आली, त्यातल्या एकीचा मंडळाशी याआधी काही संबंध नव्हता आणि ती कविता लिहिते.

वादस्पर्धेचा कागद घेऊन पोरं आणि मी प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी पूर्ण वाचला. म्हणाले, परीक्षक दोन्ही विभागांचे घ्या आणि विषयाचं वाक्य बदला, ‘सीमाभागातील शिक्षणाची भाषा’ असं काहीतरी करा. पोरं बाहेर येऊन कुरकुरली, मग कँटीनमध्ये बसून नवं वाक्य त्यांनीच लिहिलं. मला वाटतं जुन्यापेक्षा बरं झालंय, पण ते मी बोलले नाही.

एक प्रश्न राहिलाच. माझी ऑर्डर सेमिस्टरपुरती आहे. पुढची कधी निघेल, निघेल की नाही, काही सांगता येत नाही. २७ फेब्रुवारीच्या आधीच माझं संपलं तर?

निपाणीचे_मास्तर

तर कार्यक्रम थांबायचं कारण नाही, पण त्याची सोय आत्ता करायची. विभागप्रमुखांचं नाव सहप्रभारी म्हणून आजच घालून घ्या. प्राचार्यांच्या सहीचं पत्र हवं, तोंडी नको. विभागप्रमुख कुरकुरतील, त्यांना म्हणावं काम काही नाही, फक्त नाव. कवींना निमंत्रण तुमच्या नावानं न जाता मंडळाच्या नावानं जाऊ दे, खाली सेक्रेटरीची सही आणि नंबर. खर्चाची वही प्रत्येक कार्यक्रमानंतर विभागप्रमुखांना दाखवून तारखेसह सही घ्या, म्हणजे उद्या ती त्यांच्या हातात गेली तर कोरी जाणार नाही. आणि खजिनदार शेवटच्या वर्षाचा असेल तर त्याच्या जोडीला दुसऱ्या वर्षाची कुणीतरी घ्या. ती कविता लिहिणारी कुठल्या वर्षाला आहे?

शहापूरची_मॅडम

दुसऱ्या. पण हिशेबाचं नाव काढलं की पळते. विचारून बघते.